आजीला आवाज ऐकू येतात, म्हणजे बोलावणं आलं?

फिरत राहणारा समज असा: स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाला गेलेल्या नातलगांच्या हाका ऐकू येऊ लागल्या की त्याचे थोडेच दिवस उरले.

घरच्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण आजी थेट आजोबांचं नाव घेऊन उत्तर देत असते. पण हे भास मेंदूच्या आजारातून येतात आणि त्यानंतरही माणसं वर्षानुवर्षं जगतात. स्मृतिभ्रंशात नसलेलं दिसण्याचे भास जास्त आढळतात, आवाजांचे त्यामानाने कमी. ऐकू कमी येत असेल तर अर्धवट पोचलेल्या आवाजातली रिकामी जागा मेंदू ओळखीच्या आवाजांनी भरतो.

पडताळायचं कसं? हाका कधी येतात ते वहीत लिहा. तेव्हा टीव्ही, पंखा किंवा शेजारचा रेडिओ चालू होता का? मग कान तपासून घ्या. कधी नुसता मळ साचलेला असतो.

भास एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाले असतील, सोबत गुंगी किंवा बडबड असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवी गोळी यांतलं काहीही कारण असू शकतं आणि बहुतेकदा त्यावर उपचार होतो. सर्दीच्या, झोपेच्या, लघवीवरच्या, सगळ्या गोळ्या सोबत न्या. घरात उरलेली शांत करणारी गोळी मनाने देऊ नका. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत ती फार घातक ठरते.

आणि तोवर आजीशी वाद नको. "घाबरलीस का?" एवढं विचारा, हात धरा.