पाटी लावायला भिंत हवी

लंडनमध्ये हाउली प्लेसच्या 10 नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची गोल पाटी आहे. 1918-19 मध्ये ते तिथे राहत होते. किंग हेन्रीज रोडवर, तिथेही घर 10 नंबरचंच, डॉ. आंबेडकरांच्या 1921-22 मधल्या मुक्कामाची पाटी आहे. हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं. आता जरा कोकणात या. टिळकांचं मूळ गाव चिखलगाव दापोली तालुक्यातलं, आणि आंबेडकरांचं आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. लष्करातून निवृत्त झाल्यावर आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार काही काळ दापोलीतच राहिले होते.

लंडनच्या पाट्यांची कल्पना विल्यम एवर्ट या खासदाराने 1863 मध्ये मांडली. पहिली पाटी 1867 मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागली आणि 1889 मध्ये ते घरच पाडलं गेलं. त्याच वर्षी, म्हणजे 1867 मध्ये, तिसऱ्या नेपोलियनच्या घरावर लावलेली पाटी मात्र अजून टिकून आहे. गंमत अशी की, तेव्हा हा गृहस्थ जिवंत होता आणि फ्रान्सच्या गादीवर बसलेला होता! आता माणूस जाऊन 20 वर्षं झाल्याशिवाय त्याचा विचारही होत नाही. शिवाय तो जिथे राहिला ती वास्तू उभी असावी लागते.

आपल्याकडची रीत वेगळी होती. दगड उभा राहायचा तो पराक्रमासाठी नाहीतर दानासाठी. कोण कुठल्या घरात राहिलं याची नोंद दगडावर कशाला? वीरगळावर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या दगडावर, लढाई कोरलेली असते, बहुतेकदा नाव नसतंच. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव आहे, तेही भक्तांचे पाय लागतील अशा जागी. पुढे पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. नुसते आकडे. हल्लीच्या पाट्यांवर नावं भरपूर असतात, फक्त अनावरण करणाऱ्याचं नाव ज्याची आठवण काढायची त्याच्यापेक्षा ठसठशीत अक्षरांत असतं.

दापोलीला नावांचा तोटा कधीच नव्हता. मुरूडचे धोंडो केशव कर्वे (भारतरत्न, 1958). धर्मशास्त्राचा पंचखंडी इतिहास लिहिणारे पां. वा. काणे (भारतरत्न, 1963), जन्म चिपळूणकडचा पण शाळा दापोलीची. मुर्डीचे र. पु. परांजपे, 1899 चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले. पालगडचे साने गुरुजी, दापोलीच्याच मिशन शाळेत शिकलेले. पालगडचं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. पण सगळ्याच घरांचं नशीब तसं नसतं. ही मुलं शिकायला म्हणून घाटावर किंवा मुंबईला गेली ती गेलीच. चाकरमान्यांच्या मुलखात मागे राहतं ते जांभ्याचं जोतं, त्यावर शेवाळ, अंगणात एखादा रातांबा. वाटेकऱ्यांची नावं सातबाऱ्यावर असतात, भिंत मात्र नसते. मग पाटी रस्त्याच्या कडेला कमानीवर जाते, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात.

कर्व्यांच्या बाबतीत तर मला वाटतं, पाटी घरावर नकोच. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून सोबत्यांबरोबर पायी निघाला. शंभर मैलांहून जास्त वाट, मध्ये सह्याद्री, वर पाऊस. चौथ्या दिवशी साताऱ्याला पोचला. परीक्षेला बसायला सतराचं वय लागायचं. समितीच्या साहेबाने याला नीट न्याहाळलं, हा काही सतराचा दिसत नाही म्हणाला आणि परत पाठवलं.