नाव पद्मिनी, हाक फियाट

इटलीच्या फियाटशी केलेला करार संपल्यावर, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट गाडीला नवं नाव शोधावं लागलं. आधी ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव मुंबईने आरसी बुकापुरतं मानलं. टॅक्सीवाल्यांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे तिला 'फियाट'च म्हणत राहिले.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. जहाज, विमान आणि मोटार इथेच बनली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. सुरुवातीला क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा ऐसपैस अमेरिकन गाड्या निघाल्या. चार माणसांच्या घराला परवडेल अशी गाडी मिळाली ती पन्नाशीच्या दशकात, फियाट ११००च्या रूपात. तिचं गोलमटोल अंग बघून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं. पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला, त्यामुळे ते उलटे उघडत. नंतर सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि डिलाइट आल्या. पद्मिनी म्हणजे ही डिलाइटच, नाव तेवढं नवं.

१९६४ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली, तेव्हा किंमत होती १२,००० रुपये. पंतप्रधानांकडे होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. ते फिटायच्या आत ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि हप्ते ललितादेवींनी पेन्शनमधून भरले. प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्याला आज शास्त्रींचंच नाव आहे.

१०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगजवळ हाताने टाकायचे चार गिअर, पुढच्या काचेशेजारी वाऱ्यासाठी छोटी त्रिकोणी काच. हे सगळं इतकी वर्षं जवळपास तसंच राहिलं, त्याचं श्रेय केवळ इटालियन कारागिरीला देणं भाबडेपणाचं होईल. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा, आयात जवळजवळ बंद, आणि स्पर्धेत मुख्यतः अॅम्बेसेडर व स्टँडर्ड या गाड्या. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची. नंबर लागला की गाडी चढ्या भावाने विकून मोकळे होणारेही होते. दाराशी रांग असताना नवं मॉडेल काढायची घाई कोणाला?

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ती रांग तिकडे वळली. प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' ही नवी गाडी काढून पाहिली, पुढे पद्मिनीला डिझेल इंजिनही बसवलं, पण घरगुती गिऱ्हाईक हातचं गेलं होतं. एकविसावं शतक उजाडता उजाडता उत्पादन थांबलं.

मुंबईच्या रस्त्यावर मात्र ती राहिली, काळी-पिवळी होऊन. टॅक्सीवाल्यांचा हिशेब साधा होता: गल्लीबोळात वळते, सामानाला टपावर कॅरिअर, आणि बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही डोळे मिटून उघडू शकतो. बॉनेटच्या डाव्या कडेला बाहेर बसवलेला, हाताने खाली पाडायचा लोखंडी मीटर बघितला नाही असा जुना मुंबईकर सापडणार नाही.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वयाची अट २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता तीही रस्त्यावरून उतरली.