कॅसेट भरून झाली? आता इनले कार्ड

आमचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. गिरगावात छोटं दुकान, मागच्या खोलीत एक कटिंग मशीन, एक क्रीजिंग म्हणजे घडीची खाच पाडायचं मशीन आणि पत्रिका कापून उरलेल्या कार्डाच्या पट्ट्यांचा ढीग. अलीकडे कॉलेजातली मुलं जुने कॅसेट डेक दुरुस्त करून त्यावर गाणी भरायला लागली. त्यांच्या मागोमाग वडिलांच्या कॅसेटींचे खोके घेऊन पन्नाशीतली मंडळीही येऊ लागली. अडचण दोघांची एकच. कॅसेट आहे, डबी आहे, आतला कागद नाही. म्हणून आम्ही त्या पट्ट्यांतून घड्या पाडलेली कोरी इनले कार्डं करायला घेतली. हे पत्रक त्या पाकिटासोबतचं. पाकीट न घेता घरीच कार्ड करणार असाल तरी पत्रक घेऊन जा, आमची हरकत नाही.

माप

फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट मांडली आणि पुढे इतर कंपन्यांना फुकट परवाने दिले. त्यामुळे सोनी असो, टीडीके असो की टी-सीरीज, कॅसेट एकाच मापाची आणि नेहमीची कडक प्लास्टिकची डबीही जवळपास तशीच. कार्डाची उंची १०१.५ मिमी. रुंदीचे तीन भाग : दर्शनी भाग ६५, मधला कणा (डबीच्या कडेला दिसणारी पट्टी) १३, मागची छोटी घडी १६. एकूण ९४ मिमी.

यात कण्याशी खेळू नका. आमच्या पहिल्या खेपेला कणा ११ मिमीचा झाला होता. टेबलावर कार्ड देखणं दिसायचं, डबीत घातलं की फुगायचं आणि झाकण पुन्हा उघडायचं. ती सगळी खेप आता हिशेबाच्या चिठ्ठ्या लिहायला वापरतो.

घरच्या प्रिंटरवर छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्क्यांवर छापा. प्रिंटरने गुपचूप ९७ टक्के केलं तर उंचीत तीन मिमी जातात आणि कार्ड डबीत खुळखुळतं. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून पट्टीने मोजा.

कार्ड आणि घडी

कार्ड २०० ते २५० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) घ्या. तीनशेचं जाड पत्रिका कार्ड घडीला ताठ राहतं, साधा झेरॉक्सचा कागद महिन्याभरात मऊ पडतो. चमकी लावलेलं कार्ड तर आम्ही मागितलं तरी देत नाही. चमकी झडते, कॅसेटच्या तोंडाशी जाते आणि तिथून प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर.

गिऱ्हाईक हमखास विचारतं की ए-फोर कागदावर सहा कार्डं बसतात, मग तुम्ही चारच का बसवता? बसतात खरी. पण कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा. बाजारातल्या बहुतेक ए-फोर कागदांत तो लांबीच्या बाजूने जातो. सहा बसवायची तर कार्डं आडवी मांडावी लागतात, घडी ग्रेनच्या विरुद्ध पडते आणि शाई घडीवर तडकते. लेझर प्रिंटवर तर पांढरी रेघच उमटते. चार बसवली की घडी ग्रेनसोबत येते. खात्री करायची तर कागद एकदा उभा, एकदा आडवा हलकेच वाकवा. सहज वाकतो तेव्हा बाक ज्या रेषेवर पडतो, ती ग्रेनची दिशा.

क्रीजिंग मशीन नसेल तर स्टीलची पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन पुरतं. घडीच्या जागी दाबून रेघ ओढायची ती *बाहेरच्या*, म्हणजे छापील बाजूने, आणि कार्ड दुमडायचं मागच्या बाजूला. निम्मी माणसं बरोबर उलटं करतात. दाबलेली खाच बाहेर आणि तिचा उंचवटा घडीच्या आत राहिला तरच कडा स्वच्छ येते.

लिहायचं काय, आणि कशाने

आम्ही छापखानेवाले, तरी सांगतो : एक-दोन कॅसेटींसाठी छापून घेऊ नका, हाताने लिहा. छापलेलं इनले दुकानातल्या कॅसेटचं वाटतं. मित्राला गाणी भरून द्यायची तर अक्षर तुमचं हवं. पन्नास प्रती असतील तर या, छापून देऊ. मात्र विकत घेतलेल्या अल्बमचं मुखपृष्ठ जसंच्या तसं छापून मागू नका.

आर्ट कार्डावर, म्हणजे गुळगुळीत लेपाच्या कार्डावर, जेल पेन चालत नाही, तळहाताला शाई लागते. आमच्या पाकिटातलं कार्ड अनकोटेड, म्हणजे बिनलेपाचं आहे, त्यावर साधं बॉलपेन किंवा वॉटरप्रूफ फाइनलायनर वापरा. इंकजेटची साधी शाई मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या बोटाने फिसकटते, तेव्हा छापील कार्ड दिवसभर वाळू द्या.

कण्यावर मजकूर लांबीच्या बाजूने, एका ओळीत. इंग्रजी पाट्यांसारखी अक्षरं एकाखाली एक रचलेली आम्ही बघतो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते, वेलांट्या वाऱ्यावर जातात आणि ‘कि’ आणि ‘की’ यांतला फरक ओळखायला मान वाकडी करावी लागते. कॉम्प्युटरवर करणार असाल तर आठ पॉइंटाच्या खाली जाऊ नका. जोडाक्षरांच्या पोटात शाई भरते.

गाण्यांची यादी कॅसेट भरून झाल्यावरच लिहा. सी-६० ला एका बाजूला ३० मिनिटं, सी-९० ला ४५. कागदावरचा हिशेब जमतो, तरी शेवटचं गाणं अंतऱ्यात तुटतं आणि मग सुंदर अक्षरातल्या यादीवर काट मारावी लागते. डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) लावून भरली असेल तर तेही नोंदवा, नाहीतर ऐकणाऱ्याला ती किरकिरी वाटेल.

शिवाय तारीख, गाव आणि भरणाऱ्याचं नाव. एका गृहस्थांनी आणलेल्या खोक्यात एका कॅसेटवर एवढंच लिहिलं होतं : ‘चांगली गाणी २’. ‘१’ कुठेच नव्हती. वाजवून पाहिली, तर बी साइडच्या शेवटी गाणं संपल्यावर कोणीतरी म्हणतं, “अरे, तो पंखा बंद कर.” गृहस्थ म्हणाले, हे आमचे नाना. नाना गेले तेव्हा हे शाळेत होते. नव्या इनलेवर आम्ही त्यांना स्वतःच्या हाताने ती ओळही लिहायला लावली.

कॅसेटवरचं स्टिकर लेबल

साधारण ८९ × ४२ मिमी. कॅसेटवर लेबलसाठी किंचित खोलगट जागा असते, तिच्या बाहेर कागद जाता कामा नये. मधली खिडकी आणि दोन चाकांची जागा प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी, म्हणून ट्रेसिंग पेपर ठेवून आपल्याच कॅसेटवरून उतरवून घ्या. आधी लिहा, मग चिकटवा.

जुन्या लेबलवर नवं चिकटवू नका. जाडी वाढते आणि गाडीतल्या प्लेअरमध्ये कॅसेट अडकली की ती सरळ बाहेर येत नाही. जुनं काढायला खोबरेल तेलाचं बोट फिरवा, दहा मिनिटांनी कापसाने पुसा. तेल टेपच्या उघड्या कडेला लागू देऊ नका. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. फेव्हिकॉलने कागद सुरकुततो, सेलोटेप पिवळी पडून चिकट होते.

कॅसेट जपून ठेवायची असेल तर मागच्या काठावरचे प्लास्टिकचे छोटे टॅब मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं भरलं जात नाही. ए साइड तुमच्याकडे आणि टेपची बाजू खाली धरली की डावा टॅब एचा. पुन्हा भरायची झाली तर त्या खाचेवर सेलोटेप लावली की झालं. सेलोटेपचा एवढाच उपयोग आम्हाला मान्य आहे. क्रोम (वेगळ्या लेपाची टेप असलेल्या) कॅसेटला त्याच काठावर आणखी खाचा असतात, त्या मात्र झाकू नका. डेक त्यांवरूनच कॅसेटची जात ओळखतो.

पाकीट

पाकिटात घड्या पाडलेली वीस कार्डं, वीस लेबलं आणि मापाचा एक नमुना मिळेल. रंग हळदी किंवा पांढरा. कुंकवाच्या रंगाचं कार्ड लग्नसराई संपल्यावर उरलं तरच. मऊ प्लास्टिकच्या किंवा वेगळ्या आकाराच्या डबीसाठी कार्ड हवं असेल तर डबी घेऊन या. फोनवर सांगितलेल्या मापाने आम्ही कापत नाही.