होडी आडवी सरकते कशी?

जागच्या जागी गिरकी घेणाऱ्या विजेवरच्या होड्यांचे व्हिडिओ पाहून वाटतं, ही होडी हवी तशी हाकता येत असणार. पण दोन अरुंद होड्या शेजारी जोडून बनलेल्या कॅटामरानला गिरकी हा सर्वात सोपा प्रकार. (शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला: बांधलेली लाकडं.) एका बाजूचा पंखा पुढे, दुसऱ्या बाजूचा मागे चालवला की झालं. खरी कसोटी धक्क्याला लागताना असते. तिथे तोंड न वळवता आडवं सरकायचं असतं आणि सुकाणू कुचकामी ठरतं, कारण त्यावरून पाणी वेगाने वाहिलं तरच त्याला जोर येतो. म्हणून फिरते थ्रस्टर, म्हणजे होडी ढकलणारे पाण्याखालचे पंखे: त्यांचा रोखच बदलायचा.

टेबलावर फुटपट्टी ठेवून टोकाला टिचकी मारा, गर्रकन फिरेल. मधोमध ढकला, सरळ सरकेल. पण होडीचे थ्रस्टर तर मागच्या टोकाला! इथली युक्ती मला फार आवडते. समजा, दोन्ही थ्रस्टर होडीच्या गुरुत्वमध्याच्या २ मीटर मागे आणि मध्यरेषेपासून १-१ मीटर दूर आहेत. दोघांच्या जोराच्या रेषा गुरुत्वमध्यातून जातील असे ते सुमारे २७ अंशांत वळवा. डावा पुढे ढकलेल, उजवा मागे ओढेल. प्रत्येकी १०० न्यूटन जोर लावला, तर पुढचे-मागचे भाग एकमेकांना खोडतात आणि उजवीकडे सुमारे ८९ न्यूटन उरतात. फिरवणारा जोर शून्य!

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात पंखा उलटा फिरताना जोर कमी देतो. शिवाय आडव्या सरकण्याला पाण्याचा जो विरोध होतो, त्याचं केंद्र गुरुत्वमध्यावर असेलच असं नाही. म्हणून तोंड हळूहळू वळतं, आणि वारा त्यात भर घालतो. शांत तळ्यातल्या व्हिडिओवर जाहिरात करणाऱ्यांनी वाऱ्याचा वेगही सांगायला हवा.

होडी किती नीट हाकता येते, हे पाहण्यासाठी आडव्या सरकण्याबरोबर नागमोडी धावेचीही चाचणी असते. थ्रस्टर १० अंश उजवीकडे वळवायचे आणि तोंड १० अंश वळलं की लगेच १० अंश डावीकडे. तरीही तोंड थोडं पुढे वळतच राहतं, ते जास्तीचे अंश मोजायचे. १०० मीटर आणि त्याहून लांब जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या मानकांतही हीच चाचणी आहे. आडव्या चाचणीत जीपीएसवर सरकण्याची रेघ आणि होकायंत्रावर तोंडाची दिशा नोंदवायची, थ्रस्टरचा कोन किंचित बदलायचा आणि पुन्हा सरकवून पाहायचं.