पार्श्वभूमी : पडद्यावरची शेकोटी आणि तिचा उसना उजेड

पडद्यावर शेकोटीभोवती बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर जो उजेड खेळताना दिसतो, तो बहुतेक वेळा त्या शेकोटीचा नसतो. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, जमिनीलगत, दोन-तीन दिवे ठेवलेले असतात. त्यांच्यावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) चढवलेली असते आणि कोणीतरी त्यांचा उजेड सतत कमी-जास्त करत असतं. खरी आग हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी? या प्रश्नाचं उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेलं. गंमत म्हणजे ते आगीपेक्षा फिल्मवर जास्त अवलंबून होतं. फिल्मला काय दिसतं आणि काय दिसत नाही, त्यावरून आग कशी रचायची हे ठरलं.

सुरुवातीची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा-हिरवा उजेड टिपायची, लाल तिच्या लेखी काळा. आगीचा बहुतेक दृश्य उजेड लाल-नारिंगी भागातच असतो, त्यामुळे डोळ्यांना लखलखीत वाटणारी शेकोटी फिल्मवर मरगळलेली उतरायची. त्यात फिल्म नायट्रेटची, म्हणजे स्वतःच पेट घेणारी. तेव्हा खऱ्या आगीच्या भरवशावर दृश्य उजळणं जमण्यासारखं नव्हतं. उपाय निघाला तो कार्बन आर्कचा. दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा हा दिवा निळसर, म्हणजे फिल्मला नेमका मानवणारा. एडविन पोर्टरच्या १९०५ च्या ‘द सेव्हन एजेस’मध्ये चुलाण्यातून येणारा उजेड आर्क दिव्यांनी दाखवला आहे. १९०९ मध्ये दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘अ ड्रंकार्ड्स रिफॉर्मेशन’चा शेवट असाच घरातल्या विस्तवासमोर होतो. कॅमेऱ्यामागे बिली बिट्झर होते. खोली मुद्दाम अंधारी ठेवून एका बाजूनेच, खालून, उजेड येतो. आज हे साधं वाटतं, पण त्या काळी सेटवर सगळीकडे सारखा उजेड असणं हीच रीत होती. आगीचा उजेड दाखवायचा तर आधी बाकीचे दिवे बंद करावे लागतात, हा धडा तिथून सुरू होतो.

म्हणजे सेटवर ‘आग’ निळसर असायची आणि तिला ऊब यायची ती प्रयोगशाळेत. प्रिंटची रिळं रंगात बुडवत. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळट, आगीला लाल. बोलपट आल्यावर या पद्धतीत अडचण झाली, कारण फिल्मच्या कडेला छापलेल्या ध्वनिपट्टीतून जाणारा उजेड हे रंग शोषून घेऊ लागले आणि आवाज बिघडू लागला. १९२९ मध्ये कोडॅकने ‘सोनोक्रोम’ नावाच्या रंगीत प्रिंट फिल्म काढल्या. ध्वनीला अडथळा होणार नाही असे त्यांचे रंग होते. त्यांतल्या तीन छटांची नावं ‘फायरलाइट’, ‘कँडलफ्लेम’ आणि ‘इन्फर्नो’. शेकोटी, मेणबत्ती आणि वणवा यांना वेगवेगळा रंग हवा, एवढी बारकाई तेव्हाही होती.

आर्क दिव्याची दुसरी खोड अशी की तो मंद करता येत नाही. करंट कमी केला की ठिणगी विझते. मग आगीची थरथर आणायची कशी? दिव्यासमोर काहीतरी हलवून. रंगभूमीवर रेशमाच्या पट्ट्या पंख्याने उडवून ज्वाळा दाखवण्याची युक्ती होतीच. चित्रीकरणात तिचं साधं रूप झालं : झाडूच्या दांड्याला बांधलेल्या कापडाच्या चिंध्या. दोन-तीन सेंटिमीटर रुंद, हातभर लांब, दहा-बारा पट्ट्या. दांडा दिव्यासमोर आडवा धरून तो हलकेच वर-खाली झुलवायचा. ही काठी आजही वापरात आहे आणि ती फसण्याची कारणंही जुनीच आहेत. दिव्याचा झोत आवळलेला असेल, तर पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर स्पष्ट उमटतात आणि शेकोटीऐवजी पडदा फडफडल्यासारखं दिसतं. दिवा पूर्ण पसरट करून पट्ट्या त्याच्या अगदी जवळ धरल्या की सावल्या विरघळतात. काठी धरणारा दोन मिनिटांत नकळत तालात येतो, हा दुसरा घोळ. आगीला ताल नसतो. कापडाऐवजी फिक्या-गडद नारिंगी जेलच्या पट्ट्या लावल्या तर उजेडाबरोबर रंगही किंचित बदलत राहतो. निव्वळ अंधार-उजेडाच्या खेळापेक्षा ते कितीतरी खरं दिसतं.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लाल रंगही टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात आली. १९२८ च्या सुरुवातीला हॉलिवूडमध्ये टंगस्टन दिव्यांच्या, म्हणजे तापलेल्या तारेच्या बल्बच्या, मोठ्या चाचण्या झाल्या. या ‘माझ्दा चाचण्यां’नंतर बल्बच्या दिव्यांनी स्टुडिओत पाय रोवले. बल्ब मंद होतो, आणि मंद होताना लालसर होतो, अगदी निखाऱ्यासारखा. आग रचणाऱ्यांसाठी हे वरदानच. पण त्यात एक मेख आहे. मोठ्या बल्बची फिलामेंट, म्हणजे आतली तार, जाड असते आणि ती थंड व्हायला वेळ घेते. ५ किलोवॅटच्या दिव्याला सेकंदात चार झटके दिले तरी उजेड फारसा हलत नाही, नुसता पेंगतो. म्हणून थरथरीसाठी लहान दिवे बरे, ३०० ते ६५० वॅटचे, आणि एकाऐवजी तीन-चार. ते कधीच शून्यावर न्यायचे नाहीत, १५-२० टक्क्यांवर धुगधुगत ठेवायचे. गार फिलामेंटला अचानक पूर्ण व्होल्टेज मिळालं की करंटचा लोंढा येतो आणि बल्ब जातो.

खरी अडचण आली ती रंगीत फिल्मने. तीन पट्ट्यांची टेक्निकलर ही रंगीत पद्धत इतकी मंद, म्हणजे उजेडाला कमी दाद देणारी, होती की सेट उजेडाने भरून टाकावा लागे. तिच्यानंतर आलेली ईस्टमनची टंगस्टनसाठीची १९५० च्या दशकातली निगेटिव्हही २५ एएसएचीच (एएसए म्हणजे फिल्मच्या वेगाचं माप; आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो). या वेगाला, सेकंदाला २४ चौकटी आणि भिंग एफ/२.८ वर धरलं (एफचा आकडा लहान तितकं भिंग जास्त उघडं), तर योग्य एक्स्पोजरला साडेतीन हजारांहून जास्त लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) लागतात. एक मेणबत्ती एका मीटरवर साधारण एक लक्स देते. हिशेब इथेच संपतो. शेकोटी चौकटीत फक्त शोभेला, उजेड बाहेरून, हा शिरस्ता या आकड्यांतून पडला. लोकांनी त्याला पुढे ‘शैली’ म्हटलं, ती मुळात नाइलाजाची.

आणि तो प्रसिद्ध नारिंगी रंग? ज्वाळेचा उजेड साधारण १९०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड लालसर). पण घरात शेकोटीजवळ तासभर बसलं की डोळा सरावतो आणि समोरचा माणूस काही संत्र्यासारखा दिसत नाही. ३२०० केल्विनसाठी बनवलेली फिल्म मात्र सरावत नाही, ती आग नारिंगीच दाखवते. प्रेक्षक त्याला रुळले आणि ‘आग म्हणजे नारिंगी’ हा संकेत पक्का झाला. टंगस्टन दिव्यावर हाफ सीटीओ (सीटीओ म्हणजे उजेड नारिंगीकडे नेणारी जेल; हाफ फिकी, फुल गडद) लावली की उजेड सुमारे २४०० केल्विनवर येतो, फुल लावली की सुमारे २१०० वर. नवखा माणूस चुकतो तो इथे. दिवा पूर्ण तेजावर असताना तो जेल निवडतो आणि मग डिमरने उजेड खाली आणतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आणलं की उजेड निम्म्याहून कमी होतो आणि दिवा स्वतःच २९०० केल्विनच्या आसपास उतरतो. वर फुल सीटीओ असेल तर एकूण उजेड २००० च्या खाली जातो आणि चेहरे विटेच्या रंगाचे होतात. आधी डिमर जिथे राहणार तिथे ठेवायचा, मग जेल ठरवायची.

फिल्मचा वेग वाढला तसा खऱ्या ज्वाळेकडे परतण्याचा मोहही वाढला. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्यं झाइसच्या ५० मिलिमीटर, एफ/०.७ भिंगाने टिपली. १०० एएसएची फिल्म प्रयोगशाळेत एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, ढकलून २०० करावी लागली. फोकस इतका अरुंद की नटांना जागचं हलायची सोय नव्हती. या दृश्यांबद्दल लोक भिंगाचंच बोलतात. मला जास्त शिकवून जातो तो छायालेखक नेस्टर आल्मेंड्रोस यांचा मार्ग. १९७८ च्या ‘डेज ऑफ हेवन’मधल्या आगीच्या दृश्यांसाठी त्यांनी दिव्यासमोर काही हलवण्याची जुनी रीत सोडली आणि बाटलीतल्या गॅसच्या ज्वाळाच प्रकाशस्रोत म्हणून वापरल्या. ज्वाळेची थरथर ज्वाळेकडूनच घ्यायची, फक्त इंधन आपल्या ताब्यात ठेवायचं.

हीच कल्पना आजच्या फ्लेम बारमध्ये आहे. भोकं पाडलेला लोखंडी पाइप, त्याला प्रोपेनची नळी आणि मध्ये व्हॉल्व्ह. गॅस हवेत आधी मिसळू द्यायचा नाही, मिसळला तर ज्वाळा निळी होते आणि उजेड जवळजवळ नाहीसा होतो. ज्वाळेचा पिवळेपणा येतो तो तापलेल्या काजळीच्या कणांमुळे. बार चौकटीबाहेर, नटांच्या गुडघ्यांपेक्षा खाली असावा. त्याचा फुसफुस आवाज संवादांत शिरतो, बंद स्टुडिओत हवा खेळती ठेवावी लागते, आणि व्हॉल्व्हवर बसलेल्या माणसाला त्या वेळी दुसरं कोणतंही काम द्यायचं नसतं.

आग नेमकी किती वेगाने हलते, याला बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे. आगीच्या तळाचा व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १.५ ला त्याने भागायचं. सेकंदाला साधारण तेवढ्या वेळा ज्वाळा फुगते आणि तुटते. अर्ध्या मीटरची शेकोटी सेकंदाला दोनदा, एक मीटरची दीडदा, तर पेटलेलं मोठं छप्पर त्याहून सावकाश. म्हणून मोठ्या आगीला छोट्या शेकोटीची लगबग दिली की डोळ्याला खटकतं, कारण कळत नाही तरी खटकतं. थरथरीचा वेग किती वाढवायचा याला कॅमेऱ्याची मर्यादा आहे. २४ चौकटींना १२ वेळा थरथरणारा उजेड एक चौकट उजळ, एक काळी असा उतरतो आणि स्ट्रोबसारखा टोचतो. पाच-सहाच्या वर सहसा जाऊ नये. ४८ चौकटींनी स्लो मोशन घेत असाल तर हे वेग दुप्पट करावे लागतात.

थरथरीचं वेड मात्र फार. खऱ्या शेकोटीसमोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहा : उजेडाची पातळी तितकी बदलत नाही, सावल्यांची जागा बदलते. एक ज्वाळा डावीकडे उंचावते, दुसरी उजवीकडे बसते, नाकाची सावली गालावर इकडून तिकडे सरकते. एकच दिवा उघडझाप करत राहिला तर सावली जागची हलत नाही आणि नाटक उघडं पडतं. त्यामुळे मांडणी अशी : एक दिवा जवळजवळ स्थिर, बाकीचे दोन-तीन एकमेकांपासून हात-दीड हात अंतरावर, प्रत्येक वेगळ्या चॅनलवर, म्हणजे स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येईल असा. चेहऱ्यावरचा चढउतार एका स्टॉपच्या आत. स्थिर दिवा संकलनातही कामी येतो, कारण दोन शॉट जोडताना एकाचा शेवट उजेडात आणि दुसऱ्याची सुरुवात अंधारात झाली की कट उडी मारतो. अंतराचंही तसंच. शेकोटी एकापासून एक मीटर आणि दुसऱ्यापासून दोन मीटरवर असेल तर पहिल्यावर चौपट उजेड पडतो. दिवा सोयीसाठी चार मीटर मागे नेला की तोच फरक दीडपटीवर येतो, आणि शेकोटीची जवळीक गेलीच.

चॅनल वेगळे करणं सोपं झालं ते इलेक्ट्रॉनिक डिमर आणि १९८६ मध्ये ठरलेल्या डीएमएक्स५१२ या दिव्यांना हुकूम देणाऱ्या संकेतप्रणालीमुळे. त्याआधी दोन-तीन माणसं हाताने खटके फिरवत, आणि खरं सांगायचं तर चांगली माणसं असली तर आजच्या यंत्रापेक्षा बेतालपणा छान साधत. मोठ्या आगीला मात्र यंत्राशिवाय गत्यंतर नाही. २०१९ च्या ‘१९१७’मध्ये जळत्या चर्चच्या जागी छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी पाच मजली सांगाडा उभा केला, त्यावर एक किलोवॅटचे सुमारे दोन हजार टंगस्टन दिवे, सगळे डिमरवर. ज्वाळा नंतर संगणकाने भरल्या. उलटं उदाहरण २०१५ च्या ‘द रेव्हेनंट’चं. नैसर्गिक उजेडाचा आग्रह धरणाऱ्या या चित्रपटात छायालेखक इमॅन्युएल लुबेझ्की यांना एका शेकोटीभोवती बल्ब पसरावे लागले, कारण वाऱ्याने खरी आग फार थरथरत होती. इथे खोटा उजेड आगीला शांत करण्यासाठी होता.

आता कॅमेऱ्याचे सेन्सर ८०० आयएसओ (एएसएचंच आजचं नाव) सहज पेलतात, एफ/१.४ ला तीसेक लक्स पुरतात, आणि एलईडी पॅनलवर ‘फायर’ नावाचं बटणच असतं. पण जुन्या अडचणी नव्या वेशात परतल्या आहेत. एलईडीला फिलामेंटचा जडपणा नाही, त्यामुळे उजेड पायऱ्यांनी उडतो. डीएमएक्सचं एक चॅनल २५६ पायऱ्यांचं, आणि खालच्या पातळीवर त्या डोळ्याला दिसतात. १६ बिटचा, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांचा, मोड आणि बदलांमध्ये थोडा फेड दिला की सुटतं. स्वस्त पॅनल फार मंद केलं की चौकटीत आडवे पट्टे सरकतात. गडद नारिंगीत सेन्सरचं लाल चॅनल आधी भरून वाहतं आणि गालावरचा तपशील पुसला जातो, जरी एकूण एक्स्पोजर मीटरवर ठीक दिसत असलं तरी. म्हणून तिन्ही चॅनल वेगळे पाहायचे आणि पॅनल २२००-२४०० केल्विनच्या खाली न नेता उरलेली ऊब रंगदुरुस्तीत द्यायची. आणि केवळ लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या नारिंगीत मधल्या छटा गायब असतात, त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. अशा वेळी पॅनल मागच्या भिंतीसाठी ठेवतात, आणि नटाच्या जवळ, चौकटीच्या अगदी खाली, डिमरवर एक साधा टंगस्टनचा बल्ब लावतात.