न फाटलेल्या कापडाला ठिगळ

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मानेमागे काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसू लागतो. आई बेसन-लिंबू लावून घासते, ‘अंघोळ नीट करत जा’ म्हणून वर बोलणीही ऐकवते. पट्टा काही निघत नाही, कारण तो मळ नसतोच. रक्तात इन्सुलिन बराच काळ चढं राहिलं, की मानेच्या आणि काखेच्या घड्यांतली त्वचा जाड नि काळी पडू शकते. मग कधीतरी डॉक्टरांकडे जाणं होतं, उपाशीपोटीच्या इन्सुलिनची तपासणी होते आणि ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ हे शब्द घरात शिरतात. त्यांच्या मागोमाग बाटल्याही येतात: क्रोमियम, बर्बेरिन, इनॉसिटॉल, मॅग्नेशियम, दालचिनीच्या कॅप्सूल. ‘नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही’ हे वाक्य प्रत्येक बाटलीबरोबर फुकट मिळतं.

यातल्या कशाचा उपयोग होतो? एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण या सगळ्या बाटल्यांना लावता येईल असा एक प्रश्न मात्र आहे: मुळात काही कमी होतं का?

आधी बिघाड समजून घेऊ. जेवल्यावर रक्तातली साखर वाढते आणि स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्या इशाऱ्यावर स्नायूंच्या पेशी स्वतःच्या आत दडवलेली ग्लुकोजची दारं पृष्ठभागावर आणतात. या दारांना शास्त्रज्ञ ‘ग्लुट-४’ म्हणतात. यकृत त्याच इशाऱ्यावर स्वतःची साखर रक्तात सोडणं आवरतं घेतं. पण चरबी जिथे साठायला नको तिथे, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठू लागली, की हा इशारा पेशीच्या आत पोचता पोचता अडखळतो. पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात; हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओततं आणि साखर काबूत ठेवतं. म्हणून साखरेचा रिपोर्ट वर्षानुवर्षं ‘नॉर्मल’ येतो आणि आतमध्ये ओढाताण चालूच असते.

म्हणजे गोळीने काम करायचं तर तिच्यापुढे वाटा थोड्याच आहेत. नको तिथली चरबी तिने कमी करावी, किंवा एखाद्या औषधासारखा पेशीच्या कारभारात हस्तक्षेप करावा, किंवा त्या साखळीतला एखादा घटक खरोखरच कमी पडत असेल तर तो पुरवावा. ‘पूरक’ या शब्दाला खरा अर्थ आहे तो फक्त तिसऱ्या वाटेवर. क्रोमियमच्या गोष्टीत हे सगळं जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

१९५०च्या दशकात अमेरिकेत श्वार्ट्झ आणि मर्ट्झ या दोघा शास्त्रज्ञांना असं दिसलं, की विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांना साखर नीट पचवता येत नाही आणि यीस्टमधला कुठलातरी घटक दिला की ती पचते. तो घटक म्हणजे क्रोमियम, असं त्यांनी १९५९मध्ये मांडलं. १९७७मध्ये टोरांटोहून, जिथे १९२१मध्ये इन्सुलिनचा शोध लागला त्याच शहरातून, डॉ. जीजीभॉय आणि सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. (मुंबईकरांना हे आडनाव जे. जे. रुग्णालयामुळे घरचंच वाटेल.) या बाईंचं सगळं पोषण तीन वर्षांहून अधिक काळ थेट शिरेतून चाललेलं होतं. त्यांचं वजन घटलं, नसा बिघडल्या, साखर वाढली आणि इन्सुलिन देऊनही नीट आवरेना. शिरेतून जाणाऱ्या द्रावात क्रोमियम घातलं आणि काही आठवड्यांत साखर ताळ्यावर आली. इन्सुलिनची गरजही उरली नाही.

ही हकिगत थक्क करणारीच आहे. पण त्या बाई जेवत नव्हत्या, हे विसरायचं नाही. त्यांच्या शरीरात जे जात होतं ते सगळं बाटलीतून जात होतं आणि त्या बाटलीत क्रोमियम जवळजवळ नव्हतं. तुमच्या-आमच्या ताटात ते धान्यांतून, भाज्यांतून, मसाल्यांतून येतं, अगदी स्टीलच्या भांड्यांतूनही किंचित उतरतं. अमेरिकेत २००१मध्ये ठरवलेलं पुरेसं प्रमाण तरुण पुरुषासाठी दिवसाला ३५ मायक्रोग्रॅम आणि स्त्रीसाठी २५ आहे, आणि बाजारातली गोळी बहुधा २०० मायक्रोग्रॅमची असते.

क्रोमियमच्या बाजूने सर्वात जोरदार पुरावा १९९७मध्ये आला, चीनमधून. मधुमेहाच्या १८० रुग्णांवर चार महिने प्रयोग झाला. ज्यांना रोज १००० मायक्रोग्रॅम क्रोमियम पिकोलिनेट दिलं, त्यांचं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, म्हणजे एचबीए१सी, ६.६ पर्यंत खाली आलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ८.५ राहिलं. एखादं नवं औषध असं वागलं तर कंपन्या दिवाळी साजरी करतील. पुढे मात्र पाश्चात्त्य देशांतल्या चाचण्यांत ही जादू पुन्हा दिसली नाही. २००५मध्ये एका उत्पादकाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे क्रोमियमच्या फायद्याचा दावा वेष्टनावर छापायची परवानगी मागितली. मिळाली, पण अशी: वेष्टनावर लिहा, की एका लहान अभ्यासानुसार फायदा संभवतो, मात्र हा संबंध ‘अत्यंत अनिश्चित’ आहे असा प्रशासनाचा निष्कर्ष आहे. विकणाऱ्याच्याच डब्यावर विकणाऱ्याला इतकं कोपरखळीचं वाक्य लिहायला लावल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. २०१४मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. क्रोमियम माणसाला अत्यावश्यक आहे याचाच पुरेसा पुरावा नाही, असं सांगून तिने रोजचं प्रमाण ठरवायलाही नकार दिला.

कापड फाटलेलं असेल तर ठिगळ उपयोगी पडतं. न फाटलेल्या कापडाला लावलं तर नुसतं जाड होतं.

ड जीवनसत्त्वाचंही थोडंफार असंच. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ जणांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निकाल २०१९मध्ये आला. रोज ४,००० युनिट घेणाऱ्यांपैकी २४.२ टक्क्यांना अडीच वर्षांच्या आसपास मधुमेह झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.७ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या हिशेबाने हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. यातली खोच अशी, की भाग घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व आधीपासूनच पुरेसं होतं. अशा तीन चाचण्या २०२३मध्ये एकत्र तपासल्या तेव्हा उंबरठ्यावरच्या लोकांत धोका साधारण १५ टक्क्यांनी कमी दिसला. फायदा असेल, पण माफक. दिवस ऑफिसात घालवणाऱ्या शहरी माणसात कमतरता खरीच आढळते आणि ती तपासून भरून काढावी. आठवड्याला एक ६०,००० युनिटांची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यायची असते. ‘बरं वाटतंय’ म्हणून ती वर्षभर चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

मॅग्नेशियमचा फायदा ज्यांच्यात ते कमी आहे त्यांच्यात जास्त दिसतो. बाकीच्यांच्या वाट्याला मुख्यतः पातळ शौच. ओमेगा-३ हृदयासाठी घेत असाल तो वेगळा विषय, इन्सुलिनसाठी मात्र निराशाच आहे.

आता मसाल्याच्या डब्याकडे. २००३मध्ये पाकिस्तानातल्या ६० रुग्णांवर दालचिनीचा प्रयोग झाला. चाळीस दिवसांत उपाशीपोटीची साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली आणि दालचिनी जगभर गाजली. पुढच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आले. आपल्याकडे जी स्वस्त, जाड सालीची दालचिनी मिळते ती बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचा पदार्थ जास्त असतो आणि तो यकृताला त्रास देऊ शकतो. मसालेभातातल्या तुकड्याने काही होत नाही. रोज चमचा-चमचा पूड फाकण्याचं तसं नाही.

मेथीची बाजू जास्त भक्कम आहे, आणि कारणही साधं आहे. तिच्यातला चिकट, विरघळणारा तंतू आतड्यात साखरेचं शोषण मंदावतो. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मेथी किती होती माहीत आहे? तेल काढून टाकलेली पूड, दिवसाला १०० ग्रॅम. सकाळी भिजवलेले दहा-बारा दाणे गिळून ‘मेथी घेतो मी’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. थोड्या मेथीने अपाय नाही, पण अपेक्षाही त्या बेताचीच असावी.

बर्बेरिन हे दारुहळदीतलं पिवळं द्रव्य. समाजमाध्यमांवर त्याला वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा निसर्गातला भाऊ म्हणून मिरवलं गेलं. चीनमधल्या लहान चाचण्यांत साखर खरंच उतरलेली आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण मग ते पूरक राहत नाही. ते औषध आहे, फक्त औषधासारखं तपासलेलं नाही. यकृतातल्या ज्या विकरांमार्फत (एन्झाइम्समार्फत) इतर औषधांचा निचरा होतो त्यांना ते अडवतं, त्यामुळे दुसऱ्या गोळीचा डोस नकळत वाढल्यासारखा होतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ते घेऊ नये. पीसीओएसमुळे, म्हणजे पाळी आणि बीजकोशांच्या हार्मोनच्या बिघाडामुळे, इन्सुलिन रेझिस्टन्सचं निदान झालेल्या तरुणींना ज्या गोळीचा सल्ला सर्रास मिळतो ते इनॉसिटॉल तुलनेने निरुपद्रवी आहे. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा सूर असा: इच्छा असेल तर घ्या, चयापचयाच्या मापांत सुधारणा संभवते, पण वजन, अंगावरचे केस आणि बीजविमोचन यांत फार बदलाची आशा ठेवू नका.

‘पण माझा रिपोर्ट सुधारला ना!’ असं कुणीतरी म्हणणारच. सुधारला असेल. उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ने भागलं की ‘होमा’ हा आकडा मिळतो. त्यातलं इन्सुलिन स्वादुपिंडातून लहरींनी सुटतं, म्हणून एकाच माणसात तो आकडा दोन दिवसांत वेगळा येऊ शकतो. शिवाय बाटली आणल्या दिवसापासून जिलेबीही बंद झालेली असते. श्रेय बाटलीला जातं. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी तसं सांगा. काही यंत्रांवरच्या हार्मोन चाचण्या बायोटिनमुळे चुकतात.

या सगळ्यासमोर एक भारतीय प्रयोग ठेवून पाहा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना सुमारे अडीच वर्षं पाहिलं. नुसत्या सामान्य सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. खाणं आणि चालणं यांवर नेटाने पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के होतं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी घेणाऱ्यांत ४०.५. वर उल्लेखलेल्या एकाही बाटलीमागे या तोडीचा पुरावा उभा नाही. चालण्याचा उपयोग होतो याचं एक कारण स्नायूंतच आहे: आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या इशाऱ्याची वाट न पाहता ग्लुकोजची दारं वर आणतो. जेवणानंतरच्या शतपावलीला जैवरसायनाचा इतका थेट आधार असेल असं आजीला वाटलं नसेल, पण आहे.

कापड खरोखरच फाटलेलं असण्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बी-१२. ते वनस्पतींत नसतं. दूध-दही बेताचं आणि मांसाहार नाही किंवा क्वचित, अशा घरांत ते हमखास कमी पडतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याचं शोषण आणखी घटतं, म्हणून वर्षानुवर्षं ती गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी-१२ तपासून घेणं शहाणपणाचं.

पण गोष्ट त्याच्याही मागे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, हा आपला भारतीय साचा. तो कुठे घडतो हे शोधायला याज्ञिकांचा गट १९९०च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या मागावर आहे. त्या मातांपैकी दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी होतं. फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) मात्र जवळजवळ कुणातच कमी नव्हतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा इन्सुलिन रेझिस्टन्स सर्वात जास्त आढळला तो बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर असलेल्या मातांच्या मुलांत. यावरून कुणी गरोदरपणातली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच, आणि अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

कारण तपासायचं तर गोळी देऊनच पाहायला हवं. म्हणून ती मुलं वयात आल्यावर त्याच गावांत पुढचा प्रयोग सुरू झाला: त्यांना बी-१२ द्यायचं आणि उद्या त्यांना होणाऱ्या बाळांत काय फरक पडतो ते पाहायचं. औषधाच्या दुकानातल्या पट्टीवर १५०० मायक्रोग्रॅम छापलेलं असतं. या मुलामुलींना मिळत होतं रोज २ मायक्रोग्रॅम.