पार्श्वभूमी : सडबरीच्या काळ्या खडकांवर परतलेले रान

खाणींनी उजाड केलेली जमीन पुन्हा हिरवी होते का, असा प्रश्न निघाला की कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या सडबरीचे नाव येतेच. तिथली आजची हिरवाई समजून घ्यायची तर आधी धुराची गोष्ट सांगावी लागते.

1883 मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या मार्गासाठी खडक फोडताना इथे तांबे-निकेलचा साठा सापडला. सुमारे 185 कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताने घडलेल्या विवराची ही देणगी. पण हे धातुक, म्हणजे धातू दडलेला खडक, गंधकाने भरलेले. ते गंधक काढायची तेव्हाची रीत भयंकर होती : आसपासचे जंगल तोडायचे, ओंडक्यांचा थर रचायचा, त्यावर धातुकाचा ढीग घालायचा आणि पेटवून द्यायचे. ढीग महिनोन्‌महिने धुमसत राहत. धुराला धुराडेही नसे, तो जमिनीलगतच पसरे. कुऱ्हाडीतून वाचलेली झाडे त्यात करपली. 1929 च्या सुमारास उघड्यावरचे हे भाजणे थांबले, तरी भट्ट्यांचा धूर सुरूच होता. माती आम्लधर्मी झाली, पावसाने धुपून गेली आणि मूळचे करड्या-गुलाबी रंगाचे खडक काळे पडले. सुमारे 20 हजार हेक्टर जमिनीवर जवळपास काहीच उगवत नव्हते.

1972 मध्ये इथल्या इन्को या निकेल कंपनीने 381 मीटर उंचीची चिमणी उभारली. शहराची हवा सुधारली, पण गंधक वाऱ्यावर दूरच्या तळ्यांपर्यंत पोहोचले. माझ्या मते हा उपाय अर्धाच होता. खरा फरक पडला तो धूर मुळातच कमी केल्याने, आणि त्यासाठी 1980 च्या दशकात सरकारला कडक मर्यादा घालाव्या लागल्या. ती चिमणी 2020 मध्ये बंद झाली.

जमिनीचे उत्तर मात्र साधे निघाले. लॉरेन्शियन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ कीथ विंटरहाल्डर यांच्या प्रयोगांत दिसले, की आम्लधर्मी मातीत विरघळलेले तांबे आणि निकेल मुळांची वाढच रोखतात. चुनखडीची भुकटी टाकली की आम्लता उतरते, धातू मातीत जखडले जातात आणि वाऱ्याने आलेले बी रुजते. 1978 मध्ये स्थानिक प्रशासनाने हेच मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. खडकाळ उतारांवर यंत्रे चढेनात, म्हणून सुट्टीतले विद्यार्थी आणि पुढे मंदीत काम गेलेले खाणकामगारही भुकटीच्या गोण्या खांद्यावर घेऊन चढले. हेक्टरी सुमारे 10 टन भुकटी, तीही हातांनी पसरायची! काळ्या उतारावर पांढरा थर चढला, की खत आणि मग गवत व क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे बी. बर्च आणि पॉपलर तर आपसूकच उगवले. त्यानंतर पाइनची रोपे लावली. 1992 च्या रिओ पर्यावरण परिषदेत या कामाचा संयुक्त राष्ट्रांनी गौरव केला. 2022 मध्ये लावलेल्या झाडांची संख्या 1 कोटीवर गेली.

तरी ओळीत लावलेल्या पाइनखाली जंगलाची जमीन आपोआप तयार होत नाही. शेवाळ, झुडपे, मातीतली बुरशी तिथे नसते. म्हणून अलीकडे रस्त्यांच्या कामात खोदल्या जाणाऱ्या धडधाकट जंगलातली वरची माती, मुळे-पालापाचोळ्यासकट चटईसारखी कापून आणतात आणि या पाइनखाली अंथरतात.